रविवारी कमी गळणारी गाडी

“अख्खा डबा रिकामा केलात. लग्नातसुद्धा मला एवढी पावडर कुणी फासली नव्हती,” आई पुटपुटली.

बोनेटखाली वाकलेल्या मिस्त्रीनं ते ऐकलं, पण हसायच्या मनःस्थितीत तो नव्हता. या म्हाताऱ्या स्टेशन वॅगनला तो तिसऱ्यांदा हात लावत होता. आधी रबरी नळ्या बदलून झाल्या, मग पाण्याचा पंप. गळती जिथल्या तिथं. आज त्यानं इंजिन धुऊन, पुसून, कोरडं करून त्यावर आईची पावडर भुरभुरवली होती. इंजिन तापलं की पांढऱ्यावर ओला ओघळ उठणार, आणि ओघळाच्या वरच्या टोकाला चोर सापडणार.

“सापडेल ना रे?” बाबांनी विचारलं. विचारायची ही चौथी वेळ होती.

“नाही सापडली तर गाडी विकायची, बाबा. ठरलंय आपलं,” अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली लेक म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. रोज ते गाडी काढून बाजारात जात, वाटेत दोन मित्रांना घेत, तासाभरानं भाजी आणि नको तेवढ्या बातम्या घेऊन परत येत. गाडी गेली की तो तासही जाणार होता.

मिस्त्रीनं गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढला. फ्रिजच्या खोक्याचा तो पुठ्ठा. त्यावर इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचे डाग आणि प्रत्येक डागाशेजारी आईच्या बारीक अक्षरात वार. त्यानं तो आडवा धरला, उभा धरला.

“काकू, सोमवार ते शनिवार हे एवढं थारोळं. आणि रविवारी चारच थेंब?”

“दर रविवारी.”

“रविवारी गाडी बंद असते का?”

“छे,” बाबा म्हणाले. “रविवारी तर दोन फेऱ्या होतात.”

“मग हिला रविवार कळतो कसा?”

“सुट्टी घेत असेल,” लेक म्हणाली. कुणीच हसलं नाही.

इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिस्त्री टॉर्च फिरवत होता. पंप कोरडा, नळ्या कोरड्या, रेडिएटरवरची पावडर जशीच्या तशी. त्याचा चेहरा गणित चुकलेल्या मुलासारखा झाला. एवढ्यात कूलंटच्या टाकीला जोडलेली बारीक नळी थुंकली. एकदा, मग पुन्हा. पावडरवरून हिरवी रेघ खाली धावली.

त्यानं इंजिन बंद करायला लावलं. टाकी जुनी होऊन इतकी पिवळट पडली होती की आतलं काही दिसत नसे. त्यानं टॉर्च मागून धरली. पाणी वरच्या खुणेच्या कितीतरी वर, झाकणापाशी टेकलं होतं.

“गळत नाहीये, काका. टाकी काठोकाठ भरलीय. तापली की उतू जातं. एवढं भरलं कुणी?”

“मीच भरतो. रोज सकाळी पेलाभर. तूच सांगितलंयस.”

“पेलाभरानं एवढं चढत नाही.”

आई पावडरच्या रिकाम्या डब्याला झाकण लावू लागली. ते नीट बसेना.

“मी घालते थोडं,” ती म्हणाली. “हे आंघोळीला गेले की.”

“आई, तूपण?”

“तूपण म्हणजे?”

लेक म्हणाली, “मी ऑफिसला निघताना घालते.”

“आणि रविवारी?” मिस्त्रीनं विचारलं.

“रविवारी मी उठतेच अकराला.”

मिस्त्री आता पोट धरून हसला. “तिघं तिघं मिळून एका टाकीला पाणी पाजताय! आणि मी इकडे पंप बदलतोय! अहो, एकमेकांना सांगायचं तरी!”

मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोन महिन्यांपूर्वी चढावर गाडी उकळली होती. टाकी ठणठणीत कोरडी निघाली, आणि सकाळीच भरली होती म्हणून बाबा शपथेवर सांगत राहिले. ‘ऊन फार होतं तो दिवस’ असं त्या दिवसाचं नाव घरात पडलं होतं.

“पण मी घालतो ना?” बाबा गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. “मग तुम्ही कशाला?”

“सवय हो. कुंड्यांना घालते, तसंच हिलाही.”

“गाडी जुनी आहे ना बाबा. जास्त लागतं तिला.”

बाबांनी दोन्ही उत्तरांना मान डोलावली.

“ते जाऊ द्या,” हात पुसत मिस्त्री म्हणाला. “गाडी ठणठणीत आहे. विकूबिकू नका. उद्यापासून एकट्या काकांनीच बघायचं. काय काका? आज किती घातलं होतंत?”

बाबांनी तोंड उघडलं, आणि आईकडे पाहिलं. अलीकडे कुणी काही विचारलं की ते आधी आईकडे बघत. तिच्या ओठांवर उत्तर तयारच असे.

“अर्धा पे...”

बाबांनी हात वर केला. “थांब. तू नको सांगूस.”

ते टाकीकडे बघत राहिले. थंड होणारं इंजिन मधूनच टिकटिक करत होतं.

“मला आठवत नाही,” ते लेकीला म्हणाले. “किती ते सोड. घातलं की नाही, तेच आठवत नाही.”