मागची धार

"ही मागची धार बघ," मृणाली म्हणाली. "होडीचा सगळा जीव हिच्यात आहे. हिला नख जरी लागलं तरी संपलं."

तिने होडीचं पाण्याखाली राहणारं काळं पातं दोन्ही हातांनी उचलून हर्षदपुढे धरलं. कार्बनचं, वीतभर रुंद, मागच्या कडेला वस्तऱ्यासारखं बारीक. हर्षदने हसून मान डोलावली. गेलं वर्षभर तो असाच हसून मान डोलावत होता.

भाट्याच्या खाडीकाठची ही शेड मुळात त्याची. कॉलेज सुटल्यावर दोघांनी इथेच प्लायवूडची पहिली वेगवान शिडाची होडी बांधली. आराखडा त्याचा, आकडेमोड तिची. त्या होडीने देशातला वेगाचा विक्रम केला, तेव्हा सुकाणूवर हर्षद होता. पुढे मुंबईच्या एका कंपनीने या आकाराच्या होड्यांच्या जागतिक विक्रमासाठी नवी होडी बांधायचं ठरवलं, दोघांकडून आराखडे मागवले आणि मृणालीचा निवडला. शेडही कंपनीने भाड्याने घेतली. आता किल्ली मृणालीकडे असायची.

तेव्हापासून हर्षद जळत होता. तिचा फोटो पेपरात आला की जळायचा. त्याच्याच आईने, सगुणाबाईंनी, तो फोटो कापून फ्रिजवर चिकटवला, तेव्हा दोन दिवस तो माठातलं पाणी प्यायला. तरी कॉलेजात शिकवण्याचे तास संपले की स्वारी शेडवर हजर. मदतीला! मदत करणाऱ्याच्या पोटात काय आहे, ते कोण विचारतो?

होडी शेहेचाळीस नॉटपर्यंत, म्हणजे ताशी पंच्याऐंशी किलोमीटरपर्यंत, पळायची आणि तिथेच अडायची. विक्रमाला दोन नॉट कमी. त्या वेगाला पात्याभोवती पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे उठायचे आणि कुणीतरी पाय धरल्यासारखी होडी मागे ओढली जायची. मृणाली कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवत होती. उत्तर दरवेळी एकच. पातं आमच्या तज्ज्ञांनी घडवलंय, त्याला हात लावायचा नाही, लावलात तर होडी परत घेऊ.

"तुला नेमकं काय बदलायचंय?" हर्षदने एकदा विचारलं होतं.

"काही नाही रे. उगाच आपलं," ती म्हणाली होती.

त्या महिन्यात दशमी ते चतुर्दशी एवढेच दिवस हातात होते. या तिथींना ओहोटी दुपारनंतर भरात असते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडतो, त्याच्या आडोशाला पाणी ताटासारखं सपाट होतं आणि वरून समुद्राचा वारा मिळतो. वेळ नोंदवायला परदेशाहून निरीक्षकही येऊन बसला होता. चार दिवस झाले, तरी होडी शेहेचाळीसच्या पुढे सरकेना. हर्षदला चार दिवस जेवण छान जात होतं.

चतुर्दशीला दुपारी मृणालीने शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्या आठवड्यात ती रोजच ठेवत होती.

"जेवून येत्ये. पात्यापाशी कुणाला फिरकू देऊ नको हां."

"आणि दादू?"

"तो सुरूत आडवा झालाय."

दादू म्हणजे होड्या बांधणारा म्हातारा सुतार. जेवल्यावर सुरूच्या बनात दोन तास झोपणं हा त्याचा नेमच होता.

हर्षद एकटा राहिला. बाहेर सुरूच्या शेंड्यांनी आत्ताच आवाज धरला होता. आज वारा चार दिवसांपेक्षा जोराचा होता. आज जमलं तर? जगाच्या यादीत मृणाली भाटकर, आणि आईच्या फ्रिजवर दुसरा फोटो. ती बुडावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. तिने फक्त हरावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने कानस उचलली. अर्ध्या तासात ती बारीक धार गेली आणि तिथे काडीएवढ्या जाडीची, पट्टीसारखी सपाट कड आली. मग त्याने बुटाचं काळं पॉलिश लावून ती पुसून काढली. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हते. मागची धार बोथट असली की पातं पाणी ओढत जातं, हे तो दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून शिकवायचा.

मृणाली आली. तिने पातं उचललं, कडेवरून अंगठा फिरवला.

"चल, बसवूया. पाणी उतरलं," ती म्हणाली. घाईत होती, तिच्या लक्षात आलं नसावं.

पाचच्या सुमारास होडी सुटली. मृणाली एकटी आत. चाळीस. त्रेचाळीस. शेहेचाळीस. हर्षद वाळूवर उभा राहून होडी अडण्याची वाट पाहत होता.

होडी अडली नाही. पात्यामागे बुडबुडे उठलेच नाहीत. त्या बोथट कडेमागे पाण्याला सरळ भेग पडली, वरची हवा तिच्यात शिरली आणि होडी मोकळी झाल्यासारखी पुढे गेली.

"पोरीने होडी उडवलीन रे!" दादू धोतर सावरत धावत सुटला. निरीक्षकाने यंत्र दोनदा पाहिलं. एक्कावन्न नॉट.

हर्षद वाळूत बसला. इतक्या वेगाला फळ्यावरचं गणित उलटं होतं, हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्याची होडी तिथवर कधी पोचलीच नव्हती. जगातला विक्रम त्याच्या हाताने झाला होता, आणि हे तो जन्मात कुणाला सांगू शकणार नव्हता.

सगळ्यांच्या मिठ्या आटोपून मृणाली त्याच्याशेजारी येऊन बसली. नखशिखांत भिजलेली. तिने हेल्मेट काढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वर्षभर कंपनीच्या मागे लागले होत्ये, धार बोथट करू द्या म्हणून. मी स्वतः केली असती तर त्यांनी होडी नेली असती."

हर्षदने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे... तू मुद्दाम मला..."

"दशमीपासून रोज किल्ली देत्ये तुला," मृणाली म्हणाली. "चार दिवस येऊन बघत्ये, तर धार आपली जशीच्या तशी! मला धास्ती पडली, तुला आता माझा हेवा वाटेनासा झाला की काय."