पोत्यांमागचा वाघ

“वाघ मीच!” सोमारी म्हणाली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत वर्गातल्या खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसली.

खुशबू मॅडमचं डोकंच फिरलं. दीड महिना झाला, रोज हेच. हा खेळ त्यांनी पोरं वाचती व्हावीत म्हणून रचला होता, पोत्यांमागे लपावीत म्हणून नव्हे. डब्यातून चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची आणि चिठ्ठी म्हणेल ते व्हायचं. कुणी पाटील, कुणी सफारीच्या जिप्सीवरचा गाईड, कुणी वनरक्षक. पुढं काय घडणार ते पोरांनीच ठरवायचं. चौथीचा वर्ग या खेळापायी मधली सुट्टी विसरायला लागला होता. दिवाळीपर्यंत अक्षराशी वाकडं असलेला आदेशसुद्धा आता चिठ्ठ्या फडाफडा वाचायचा. वाघाला मात्र चिठ्ठी नव्हती. वाघानं नुसतं गुरगुरायचं. म्हणून तर सोमारी बाईसाहेब रोज वाघ व्हायच्या!

जूनमध्ये सोमारी रानातल्या आतल्या गावातून मोहर्लीजवळच्या या शाळेत आली. घरी गोंडी बोलायची. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी तिला धडा वाचायला उभं केलं. ती दोन शब्दांवर अडखळली आणि वर्गात खसखस पिकली. “गप्प बसा रे,” म्हणत मॅडम पुढच्या मुलाकडे वळल्या. तेव्हापासून सोमारीनं पुस्तकापुढे तोंड उघडलं नव्हतं.

काल तिची आई, चंदा, शाळेत येऊन सांगून गेली. “मॅडम, वाचनच येत नाई, तं शाळेत बसून काय करन ते? मोहफुलं पडून राह्यले, येचाले हात पाह्यजेत. उद्या येते, तिचं दप्तर घेऊन जाते.”

म्हणजे आजचाच दिवस हातात होता.

या खेळात वाघाला मारत नसत. पहिल्या दिवशी मॅडमनी तसं लिहून आणलं होतं, तर अख्खा वर्ग उठला. “त्याले मारत नाई, मॅडम. त्याले सांगा लागते,” आदेश म्हणाला होता. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वाघोबा आहे. मोठी माणसंसुद्धा त्याला सांगूनच रानात शिरतात. मग खेळातली गाय वाघानं नेली, की पोरं पोत्यांपुढे हात जोडून वाघाला सांगत. वाचून झालेल्या चिठ्ठ्या त्याला खायला टाकत. हेही पोरांनीच काढलेलं. पोत्यांमागून खेळ संपेपर्यंत बारीक आवाज येत राही. “वाघ चावून राह्यला,” पोरं म्हणत.

“आज तोंडानं सांगायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “चिठ्ठी लिहायची. वाघानं ती मोठ्यानं वाचायची आणि मग उत्तर द्यायचं.”

पोत्यांमागचा आवाज बंद झाला.

आदेशनं चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि पोत्यांवरून आत टाकली. नेमकी तेव्हाच चंदा दारात आली. तिनं खिळ्यावरचं दप्तर काढून काखेत मारलं आणि तिथंच उभी राहिली. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला आईदेखत उघडं पाडायचं नव्हतं हो त्यांना! ‘राहू दे, उद्या वाच,’ असं ओठांवर आलं. पण उद्या कुठला?

पोत्यांवर आधी दोन हात आले, मग डोकं. डोक्याला बांधलेल्या वाघाच्या कानांपैकी पिवळ्या पुठ्ठ्याचा एक कान कलला होता. सोमारीनं चिठ्ठी उघडली.

“वा... घो... बा,” ती म्हणाली. थुंकी गिळली. “आमची गा... गाय... नेऊ नको.”

सगळी पोरं जमिनीला चिकटल्यागत बसली होती. आदेशनं शेजारच्याचा हात घट्ट धरला.

“तुले... का... काय पा... पाही...” ती अडली. मागच्या अक्षरावर गेली. पुन्हा धरलं. “पाहिजे... ते सांग. आमी... देऊ.”

दोन ओळींना तिला केवढा तरी वेळ लागला. मग तिनं अशी डरकाळी फोडली, की पुढची दोघं मागं सरकली. “गाय नाई नेत! कोंबडी द्या!”

“देतो, देतो!” आदेश ओरडला आणि वर्गात एकच गलका झाला.

“हे तिनं वाचलं?” चंदानं विचारलं.

“तिनंच वाचलं, चंदाबाई.” मॅडम म्हणाल्या.

चंदानं दप्तर परत खिळ्याला अडकवलं. “मोहफुलं येचीन मी येकटी,” म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत निघून गेली.

मॅडम पोत्यांमागे गेल्या. दीड महिन्याच्या चिठ्ठ्या तिथं होत्या. एकेक सरळ करून, थप्प्या लावून, वर दगड ठेवलेला. वाघ रोज काय चावत होता ते त्यांना आता कळलं.

“अगं, वाचता येतंय तुला! मग वर्गात उभी राहून का नाही वाचलंस कधी?”

सोमारीनं कलता कान नीट केला.

“मी वाचलं का सारे हासतेत,” ती म्हणाली. “वाघाले कोण हासन, मॅडम?”