यागोच्या फळाची कबर

ब्रह्मदेशाच्या लढाईत बेपत्ता झालेल्या शिपाई ओलूओचच्या नावाने घरच्यांनी केनियातल्या लुओ जमातीच्या रीतीप्रमाणे देहाऐवजी यागोवृक्षाचे फळ पुरले; आणि ज्याचे फळ पुरले, त्याने जिवंत परतूनही अंगणात पाऊल टाकायचे नसते. नैरोबीच्या दप्तरखान्यातून मी त्याच्या जबाबाची नक्कल आणली, तेव्हा त्याची मुलगी, म्हणजे माझी आजी, सुकी मासळी निवडत होती. "कागद माझ्या बापाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो होय रे? वाच बघू," ती म्हणाली. मी वाचले: "सन १९४६. पलटणीतून सुटून गावी आलो. कुंपणाशी खेळणाऱ्या मुलीला विचारले, ही कबर कोणाची? ती म्हणाली, माझ्या बापाची. मी तिथूनच परतलो. मला दूर कुठेही काम द्यावे." आजीचे हात थांबले नाहीत. "मुलीचं नाव लिहिलंय?" "नाही, आजी." "नसणारच. त्यानं विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मीही पाणी विचारलं नाही."