एकही तक्रार नाही

दवाखान्याची वेळ घ्यायचा ऑनलाइन फॉर्म उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी परकी भाषा वाचणाऱ्यांसाठी करायचा होता. मी साहेबांना कानीकपाळी ओरडून सांगत होते, "अहो, त्यांची अक्षरं उजवीकडून चालतात, पण आकडे आपल्यासारखे डावीकडूनच. नुसतं पान उलटवलं, तर फोन नंबरचा मागचा अर्धा भाग पुढे येतो. ती भाषा वाचणाऱ्या कुणाला तरी आधी दाखवू या."

"किती कीस पाडाल मॅडम! उलटवा आणि मोकळ्या व्हा," म्हणाले आणि फॉर्म तसाच सुरू करून टाकला.

पुढच्या महिन्यात भर मीटिंगमध्ये मलाच ऐकवलं, "मदतीचा नंबर पानावर एवढा ठळक दिलाय. आजवर एक तरी तक्रार आली का? उगाच बाऊ करत होतात."

माझं डोकंच सणकलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्या पानावर दिसत होता तस्साच नंबर लावला.

"हॅलो, दवाखान्याचा मदत क्रमांक ना?"

"नाही हो ताई, हे टायरचं दुकान आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण तुमचं बोलणं निदान कळतंय तरी. बाकी रोज कुणी ना कुणी फोन करतं, काकुळतीला येऊन बोलत राहतं, आणि मला त्यातलं एक अक्षर समजत नाही."

मी फोन साहेबांपुढे सरकवला. टायरवाल्याने विचारलं,



"म्हणजे… ती माणसं आजारी आहेत होय?"