मार्चमधली चिलटं

एकहार्टने पुन्हा हवेत हात मारला. कॉफी बशीत सांडली.

"रात्री जाळी उघडी ठेवलीस," तो म्हणाला.

"बंद होती," गुडरून म्हणाली.

"मग ही चिलटं कुठून येतात? जर्मनीहून बरोबर आणली आपण?"

गुडरूनने वर पाहिलं. त्याच्याच सांगण्यावरून तिने तीन दिवसांपूर्वी टेबलाच्या वर चिकट पट्टी टांगली होती. पट्टीवर लोकरीचा एक धागा होता. बाकी काही नाही. तायगेतोस डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ होतं. पहाटे पारा चारावर उतरत होता, आणि उत्तरेच्या वाऱ्यामुळे ग्रीसमधल्या गिथियोच्या किनाऱ्यावर फिरत्या घरांच्या या तळावर आठवडाभर कुणी बाहेर खुर्ची टाकून बसलं नव्हतं.

"काल पुन्हा समुद्रावर विजा चमकत होत्या," तो म्हणाला. "पावसाआधी घाट ओलांडून कालामाताला पोचायला हवं."

तिला विजा दिसल्या नव्हत्या. तीन संध्याकाळी त्याने पावसाच्या धास्तीने मोटरहोमबाहेरचं कापडी छत गुंडाळलं होतं. तिन्ही वेळा आकाश निरभ्र राहिलं होतं.

दारावर टकटक झाली. शेजारच्या गाडीतली रोझविता ओंजळभर लिंबं घेऊन उभी होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच फिरायची.

"काय रे एकहार्ट, आत्ताच हात हलवून निरोप देतोयस? मला आत तरी येऊ दे."

"चिलटं हाकलतोय. तुझ्या गाडीत नाहीत?"

"माझा स्वयंपाक चाखलाय त्यांनी. परत येत नाहीत."

तो हसला आणि नाकाच्या उजव्या बाजूला परत हात मारला. रोझविताने त्या हाताकडे पाहिलं, मग वरच्या पट्टीकडे. लिंबं टेबलावर ठेवून तिने गुडरूनला बाहीला धरून बाहेर नेलं.

"विजाही दिसतात का गं त्याला?"

"तीन दिवसांपासून."

"चिलटं त्याच्या डोळ्यात आहेत, गुडरून. माझ्या लोरेन्झला अशीच दिसायची. मग विजा. आठव्या दिवशी एका बाजूने काळा पडदा आला. डोळ्याच्या आतलं अस्तर सुटतं. वेळेवर चिकटवलं तर डोळा वाचतो. आम्ही उशीर केला." तिने खिडकीतून आत पाहिलं. "कोणता डोळा आहे?"

गुडरूनला गाडीचा आरसा आठवला. चार दिवसांपूर्वी एका गावात उजवा आरसा संत्र्याच्या फांदीला घासला होता. उजवी बाजू तू बघायचीस, असं म्हणून एकहार्टने दुपारभर तिला सुनावलं होतं.

"उजवा."

"आजच स्पार्टाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. टॅक्सी बोलाव. आणि त्याला गाडी चालवू देऊ नकोस."

गुडरून आत आली तेव्हा तो चालकाच्या जागेवर बसला होता.

"एकहार्ट, डावा डोळा झाक आणि माझ्याकडे बघ."

"उशीर होतोय."

"एकदाच. फक्त बघ."

त्याने डोळा झाकला नाही. समोरच्या काचेतून तो डोंगराकडे बघत राहिला. त्याला हे आधीपासूनच माहीत होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"डॉक्टरच्या हातात सापडलो की गाडी गेली. या वयात परत परवाना कोण देतोय? मग काय करायचं? ओल्डेनबुर्गच्या घरी तिसऱ्या मजल्यावर बसून तुझं तोंड बघायचं?"

"आणि डोळा गेला तर?"

"दुसरा आहे."

"आज टॅक्सीने जाऊ. चावी दे."

"देऊन काय करणार? चालवता येते तुला?" त्याने चावी फिरवली. "बस. उजवी बाजू एकोणीस वर्षं तुझीच आहे. तू बघ, मी चालवतो. एवढं साधं आहे."

ती आपल्या जागेवर बसली. पट्टा लावला. घाटात किती वळणं आहेत ते तिला माहीत होतं. येताना तिनेच मोजली होती, आणि कठड्यापलीकडच्या दरीत बघायचं टाळलं होतं. पाठीमागे टेबलावर लिंबं तशीच पडली होती. निघण्याआधी सगळं आवरून ठेवायचं, हा तिचाच नियम होता. आज तिने हात लावला नाही.

जागेवरून बाहेर पडायला उजवीकडे वळावं लागायचं. कोपऱ्यावर पाण्याच्या नळाचा दगडी खांब होता, कमरेइतका. उजव्या आरशात तो स्पष्ट दिसत होता.

"उजवीकडे?" एकहार्टने विचारलं.

तिने आरशात पाहिलं.

"मोकळं आहे."

त्याने वळण घेतलं. खांब दारापासून मागच्या चाकापर्यंत गाडीची बाजू फाडत गेला. चाक दगडावर चढलं आणि तिथेच बसलं. फुटलेल्या नळाचं पाणी खिडकीवर उडू लागलं. लिंबं एकेक करून खाली पडली आणि घरंगळत पुढे आली. रोझविता धावत येऊन समोर उभी राहिली.

"तू मोकळं आहे म्हणालीस," एकहार्ट म्हणाला.

"आरसा तुझ्याही समोर होता. काय दिसलं तुला?"

पाठीमागे ती रिकामी पट्टी अजून झुलत होती. एकहार्टने हात उचलला आणि नाकासमोरून एक चिलट हाकललं. मग दुसरं.