खिडकीवरची घंटी

इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या त्या लष्करी विमानतळावर सकाळपासून बँड वाजत होता. शत्रूच्या बंदरावर भरदुपारी बॉम्ब टाकून आलेल्या स्क्वॉड्रनचा आज सत्कार होता. सगळ्या पोरांची पॅरॅशूटं घडी करून बांधणाऱ्या विनीला तर कुठे उभं राहू नि कुठे नको, असं झालं होतं.

"विने, टोपी कुठंय तुझी?" शेजारच्या मॉडने तिला कोपरानं ढोसलं. "मोठ्या साहेबांपुढे अशीच मिरवणार होय?"

विनी हसतच पॅरॅशूटच्या खोलीकडे पळाली.

मोहिमेवरून परतलेल्याने खिडकीवरची घंटी वाजवून पॅरॅशूट जमा करायचं, अशी तिथली रीत. नेताना जो तो एकच विनोद करायचा. परतीच्या वाटेवर समुद्रात कोसळलेल्या एकमेव विमानातला आल्फीही त्या दिवशी डोळा मारून म्हणाला होता, "उघडलं नाही, तर परत आणून देईन हं!"

तिने टोपी उचलली, तेवढ्यात घंटी वाजली.

"आले, आले! सगळे तिकडे, आणि तुला बरं आत्ताच सुचलं रे!" म्हणत तिने खिडकी उघडली.

बाहेर कुणीच नव्हतं. फळीवर आल्फीच्या नंबरचं पॅरॅशूट होतं. ते उघडण्यासाठी ओढायची कडी पार उपसून आली होती. विनीने घातलेली घडी मात्र जशीच्या तशी होती, आणि तिच्यातून समुद्राचं पाणी ठिबकत होतं.

मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या विमानात सात जण होते. सातही पॅरॅशूटं विनीनेच बांधली होती.

तिच्या डोळ्यांदेखत घंटी पुन्हा वाजली.