भोंग्यावरचं नाव

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. त्या भिंतीत ग्रेडीची जागा कॉलेजची तीन वर्षं पक्की होती. परवा त्याचा गुडघा दुखावला आणि आजच्या सामन्यात तिथं राखीव गडी सेफो उभा राहिला. कोचच्या हुकमावरून ग्रेडीनंच त्याला तयार केलं होतं. या गड्यांचं नाव मैदानाच्या भोंग्यावर येतं, ते फक्त चूक झाल्यावर. मैदानाच्या कडेला कुबडीवर रेलून ग्रेडी सेफोच्या नावाची वाट बघत होता. तास उलटला, नाव येईना. “झकास घडवलंस रे त्याला! तुझी उणीवच भासू दिली नाही पठ्ठ्यानं,” कोच म्हणाले. ग्रेडीचा नुसता जळफळाट झाला. एवढ्यात सेफोचा पाय घसरला. पडतोय का, हे बघायला ग्रेडी मैदानाची रेषा ओलांडून पुढे सरकला. धावत आलेला पंच कुबडीला अडखळून तोंडावर आपटला. शिट्टी वाजली. भोंगा खरखरला: “संघाला पंधरा यार्ड मागे हटण्याची शिक्षा. ग्रेडी होल्ट!”